रेश्माचा आवाज

रेश्माच्या घरी एक पट्टी मुकी झालेली संवादिनी. ताटात गार पडलेली भाकरी. सोलापूरच्या स्टुडिओतला लाल दिवा.

नवख्यांना रेडिओवर आणणाऱ्या वसुधाबाईंनी आज रेश्मा मुजावरचं गाणं लावलं. ते संपताच तिच्या आईचा फोन आला.

"बाई, घर सोडल्यापासून पोरीचा आवाज नाही ऐकला. कधी गाणार? जेवण तसंच ठेवून बसलेय."

"आत्ताच गायली की!"

"ते तर सिनेमातल्या बाईंचं वाटलं."

 हल्ली घरोघरचे रेडिओ गाणं तेवढं ऐकणाऱ्याच्या आवडत्या आवाजात बदलून देत.

"पण आधी कुणीतरी खोकलं. तीच ना? अजून गळ्याला काही गुंडाळत नाही मेली," म्हणत आई रडू लागली.

रेकॉर्डिंगमधला तो खोकला वसुधाबाईंनी मुद्दाम कापला नव्हता.