सहाव्या मजल्यावरचा उजेड

"आंटी, आज हवा बहुत है. घर जाइए ना," सिक्युरिटीवाला कुमार म्हणाला.

"वारा आहे म्हणून तर यायला हवं," मेधा म्हणाली आणि मुरंब्याच्या रिकाम्या बरणीतली पणती तिने पुन्हा पेटवली.

मेलबर्नचा ऑगस्ट हाडं गोठवत होता. लॉकडाउनमुळे रस्ता ओस पडलेला. समोरच्या क्वारंटीन हॉटेलात, सहाव्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खिडकीत मोबाइलचा टॉर्च लुकलुकला. मेधाने बरणी उंच धरली. एवढ्यासाठी ती रोज संध्याकाळी, व्यायामाच्या परवानगीच्या वेळात, चालत यायची.

भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला दोन आठवडे इथे कोंडत. पुण्याला आजारी भावाची शुश्रूषा करून सारंग परतला, तोही इथेच. पोचल्यावर त्याने फोनवर सांगितलं होतं, "सहावा मजला, कोपऱ्यातली खिडकी. तू दिवा धर, मी पोहत येतो."

नवराबायकोची ही जुनी थट्टा. मेधा युनिव्हर्सिटीत सतराव्या शतकातली बरोक शैलीची युरोपीय चित्रकला शिकवायची, आणि तिचं लाडकं चित्र होतं ग्रीक पुराणातल्या एका जोडीचं. ती मनोऱ्यावर दिवा धरते, त्या उजेडाच्या रोखाने तो रोज समुद्र पोहून येतो. वादळात दिवा विझतो. जलपऱ्या त्याचं प्रेत किनाऱ्याला आणतात आणि ती वरून उडी टाकते. चित्रकाराने सगळा अंधार समुद्राला दिला होता आणि सगळा उजेड तिच्या कोसळणाऱ्या अंगाला.

"तू मारली असतीस उडी?" लग्नाआधी त्या चित्रासमोर सारंगने विचारलं होतं.

"हॅट! मी दिवा परत लावला असता."

"मी बुडाल्यावर? कोणासाठी?"

तेव्हा मेधाला उत्तर सुचलं नव्हतं. शिकवणाऱ्या बाईला उत्तर न सुचावं, हे तिला फार झोंबलं होतं.

लेक मयूरा कॅनबराला, गुंगालिनमध्ये अडकलेली. तिचा रोज फोन. "आई, प्लीज स्टॉप धिस. इट्स नॉट हेल्दी. मला बॉर्डर ओलांडून येताही येत नाहीये."

"मग नको येऊस. माझे पाय धड आहेत."

"व्हॉट्स द पॉइंट, आई?"

"समोरून उत्तर येतंय तोवर पॉइंट आहे," मेधाने ठणकावलं.

सुटकेचा दिवस कुमारने सांगितला. मेधाने त्या सकाळी भरली वांगी केली. सारंगने जन्मात वांग्याला हात लावला नव्हता, नुसतं पाहूनच तोंड वाकडं करायचा. पण वांगी हा मेधाचा हातखंडा पदार्थ, आणि आज ती कोणाचं ऐकणार नव्हती. ठेवणीतली लाल साडी नेसून तिने कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. आरशात स्वतःकडे रोखून पाहिलं. म्हणू दे कोणाला काय म्हणायचं ते.

हॉटेलसमोर पोचली तेव्हा भर दुपार होती. तरी बरणीतली पणती तिने पेटवलीच. मयूराचा फोन चालू होता.

"ठेवते गं. आला बघ."

काचेचं दार सरकलं. बॅग ओढत, दाढी वाढलेला एक तरुण बाहेर आला. बरणी दिसताच जागीच थांबला.

"काकू, तुम्ही मराठी?" त्याने विचारलं. "मी विवेक. त्या कोपऱ्यातल्या खोलीत मीच होतो. तुम्ही दुसऱ्याच कोणासाठी तरी येत होतात, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. पण इथे माझं कोणी नाही. गावाकडे आई होती, ती मेमध्ये गेली. खाली उजेड दिसला आणि मी टॉर्च लावला. मग थांबवेचना. चुकलंच माझं. तुमचं माणूस..."

मेधाने डबा त्याच्या हातात कोंबला.

"गरम आहे तोवर खा. माझ्या नवऱ्याला त्याच खोलीतून हॉस्पिटलात नेलं होतं. तू पहिल्यांदा टॉर्च लावलास ना, त्याच दुपारी मी त्याला अग्नी देऊन आले होते."