आईची वीत

"लांबी सहा विती, रुंदी चार," आई कराडहून फोनवर म्हणाली. पुण्यात प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या केतकीने ते आकडे आपल्या पहिल्यावहिल्या फंक्शनला दिले. विती घ्यायच्या, नऊने गुणून त्यांचे इंच करायचे आणि क्षेत्रफळ सांगायचं, एवढंच त्याचं काम. आईची वीत बरोब्बर नऊ इंचांची, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. फळ्या, पडदे, देव्हारा, सगळं तिच्याच हाताने मोजलेलं. केतकीने इंचांतली मापं कराडच्या काचवाल्याला कळवून टाकली.

दिवाळीला ती घरी आली, तर जेवणाच्या टेबलावरची नवी काच चारी बाजूंनी बाहेर आलेली. कुणाला लागू नये म्हणून आईने कोपऱ्यांना जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या होत्या. फोनवर मात्र काही बोलली नव्हती.

केतकीने लॅपटॉप उघडून फंक्शन ओळीओळीने तपासलं. चूक सापडेना.

"आई, परत मोज बरं."

आईने टेबलाच्या कडेवर हात ठेवला. अंगठा आणि करंगळी पूर्वी ताणून एका रेषेत यायची. आता सांधे सुजले होते आणि बोटं मध्येच थांबत होती. मोजणी तीच आली, सहा आणि चार.

"लाकूड आहे," हात पदराखाली घेत आई म्हणाली. "पावसाळा सरला की आखडतं."

"हो, आखडतं," केतकी म्हणाली, आणि फंक्शनमधले नऊ पुसून तिथे सात लिहिले.