जुना आजार

"ही पॉलिसी स्वस्त आहे, पण जुन्या आजाराला चार वर्षं काही मिळत नाही," भिकन म्हणाला. "ही दुसरी महाग. हिच्यात दोनच वर्षं थांबायचं. आणि ही तिसरी फक्त मोठ्या आजारांची. पण तिच्यात आधी सगळी जांच होते. रक्त, एक्स-रे, सगळं."

"जांचवाली नको," रजनी लगेच म्हणाली.

भिकन तिचा मावसभाऊ. खासगी विमा कंपन्या तेव्हा बुऱ्हाणपुरात नव्यानेच आल्या होत्या आणि तो त्यांच्या पॉलिस्या विकत गावभर फिरायचा. त्याने खाटेवर टेकून बसलेल्या प्रभाकरकडे पाहिलं.

"काय दाजी, तब्येत?"

"ठीक आहे," प्रभाकर म्हणाला आणि तोंडावर रुमाल धरून खोकला.

भिकनने नजर काढून घेतली. "एकेकट्याची घ्यायची, का घरातल्या सगळ्यांची मिळून?"

"सगळ्यांची मिळून. शारदाचंही नाव घाल," रजनी म्हणाली. शारदा त्यांची एकुलती मुलगी, आठवीत होती. "आणि ती दोन वर्षंवाली दे."

सह्या झाल्यावर रजनी त्याला दारापर्यंत सोडायला गेली. तिथे तो हळूच म्हणाला, "ताई, मी काही विचारत नाही, तू काही सांगू नको. फॉर्मात 'कुठलाही आजार नाही' असं लिहिलंय. मंग या दोन वर्षांत दाजींच्या नावाची एक पर्चीसुद्धा दवाखान्यात फाटायला नको. उद्या कंपनीच्या हाती ती लागली, तर खोटं लिहिलं म्हणतील. सगळंच जाईल."

रजनीने मान हलवली.

खोकला सुरू होऊन तेव्हा दोन-अडीच महिने झाले होते. संध्याकाळी अंगात कणकण यायची. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला होता. प्रभाकरच्या वडिलांचं, आबांचंही असंच सुरू झालं होतं. त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. इंदूरच्या इलाजात घरचे चारही पॉवरलूम विकले गेले आणि वडीलही वाचले नाहीत. आता प्रभाकर दुसऱ्याच्या शेडमध्ये पगारावर माग चालवायचा. विकलेल्या चारांतले दोन त्याच शेडमध्ये होते.

त्या आजाराचं नाव घरात दोघांनीही कधी काढलं नाही. काढायची गरजच नव्हती.

रजनी रोज अडुळशाचा काढा करायची. मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणायची, त्याही शारदाला हव्यात असं सांगून. शेजारची सरुबाई म्हणाली, "तुझा मालक लई वाळला गं." रजनी म्हणाली, "उपास धरलेत त्यांनी. ऐकतच नाहीत." लग्नकार्याला जाणं त्यांनी हळूहळू बंद केलं. लोक जमले की कुणी ना कुणी विचारायचंच.

एकदा सरकारी दवाखान्याची नर्स गल्लीत घरोघर फिरत आली. हातात रजिस्टर होतं.

"घरात कुणी बिमार?"

"नाही बाई. सगळे चांगले आहेत."

आत प्रभाकरने उशीत तोंड खुपसलं होतं. नर्स पुढच्या घरी वळेपर्यंत त्याने खोकला दाबून धरला. ती गेल्यावर उठून बसला, तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

दुसऱ्या हिवाळ्यात रक्त पडलं.

त्याने रुमाल तिच्यापुढे धरला.

"रजनी, एकदा दाखवून टाकू," तो म्हणाला. "मला आता सहन होत नाही."

"थोडेच महिने राहिले हो."

"तवरोक मी राहीन का?"

"असं बोलू नका." तिने रुमाल त्याच्या हातातून काढून घेतला. "आत्ता गेलो तर कशावर इलाज करणार? शारदाला काय ठेवणार? आबांच्या वेळचं विसरलात का?"

"नाही," प्रभाकर म्हणाला. "ते कसं विसरीन?"

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. कामावर जाणं जमेना, तेव्हा मालकाला पाठ धरली म्हणून सांगितलं. रजनी शेजारच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून घर चालवायची. शिवता शिवता मध्येच उठायची आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची.

दोन वर्षं पुरी झाली त्याच आठवड्यात तिने त्याला इंदूरला नेलं. स्टेशनच्या जिन्यावर तो तीनदा बसला. मोठ्या खासगी हॉस्पिटलात त्याला भरती करून घेतलं, नळ्या लावल्या, फोटो काढले. खाली विम्याच्या खिडकीशी रजनी दिवसभर उभी होती. कंपनीने काय काय विचारलं. जुन्या पर्च्या मागितल्या. ती म्हणाली, जुनं काहीच नाही.

संध्याकाळी खिडकीतला माणूस म्हणाला, "हो गया मंजूर. अब चिंता मत करो."

ती तिथेच बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग बाहेर जाऊन तिने भिकनला फोन केला. "झालं रे भाऊ. सगळं कंपनी देणार. तुझे उपकार आहेत."

वर डॉक्टरीणबाई वाट पाहत होत्या. मराठीच होत्या. त्यांनी तिला खुर्ची दिली.

"तुमच्या मिस्टरांना कॅन्सर नाहीये," त्या म्हणाल्या.

रजनीने दोन्ही हात जोडले.

"टीबी आहे. पण फार पसरलाय. एक फुफ्फुस पुरतं गेलंय, दुसऱ्यातही फारसं काही राहिलेलं नाही. तुम्ही मन घट्ट करा. आता आमच्या हातात काही नाही. सुरुवातीलाच आणलं असतं, तर सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरे होऊन कामावर गेले असते."

"पण डॉक्टर," रजनी कशीबशी म्हणाली, "तेव्हा एवढा खर्च आम्हाला कुठून झेपणार होता?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नवलाने पाहिलं.

"कसला खर्च? टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तुमच्या बुऱ्हाणपुरातसुद्धा."