नाकावरची थाप

भास्कररावांच्या बाल्कनीत चार इंजिनांचं लढाईतलं बॉम्बर मावलं होतं आणि सोसायटीची तक्रार होती ती फक्त आवाजाबद्दल. लढाईत तसंच विमान उडवलेल्या आजोबांसाठी नात रेवतीने हे प्लायवूडचं सिम्युलेटर बांधलं होतं. जुन्या रेडिओफितींवरून शेपटीत बसून बंदूक चालवणारा त्यांचा गनर महिपतही तिने त्यात बोलता केला होता. खरा महिपत नदीवरच्या गोळीबारात गेला. इथेही तो रोज नदीवर गप्प व्हायचा.

आज मात्र भास्कररावांनी नदीवरून जायचा हुकूम मोडून तिला वळसा घातला आणि विमान धावपट्टीवर टेकवलं.

"साहेब, चाकं शाबूत आहेत ना? की घरी बैलगाडीने जायचं?" महिपतने विचारलं.

"आधी उतर, मग बोल."

इंजिनं थांबली. रेवती चहा घेऊन आली, तरी आजोबा पट्टे सोडेनात.

"आजोबा, पोचलात की."

"महिपत उतरून विमानाच्या नाकावर थाप मारायचा, मगच मी खुर्ची सोडायचो."

हे रेवतीला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने हळूच पुढे जाऊन प्लायवूडच्या नाकावर थाप मारली.

पट्ट्याकडे गेलेला भास्कररावांचा हात थबकला.

"त्याचा हात जड होता गं," ते म्हणाले. "चहा ठेव तिथे. शेपटीपासून चालत यायचं म्हणजे वेळ लागतोच."