सोमवारची सुनावणी

“सुनेत्राताई, झालं एकदाचं! सरकारनं अहवाल स्वीकारला. सोमवारी सुनावणी आहे!”

गुरुदत्त वैद्य कारखान्याच्या दारातूनच ओरडला. मशिनच्या खडखडाटात सुनेत्राला काही ऐकू गेलं नसावं. तिनं हात वर करून त्याला थांबायची खूण केली.

गुरुदत्त सरकारी चौकशी अधिकारी होता. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरातले पुठ्ठ्याची खोकी बनवणारे छोटे कारखाने एकामागून एक का बंद पडताहेत, हे त्यानं शोधून काढलं होतं. कारण साधंच होतं. एका कंपनीनं आसपासच्या सगळ्या कागद गिरण्या विकत घेतल्या होत्या. खोकीही तीच बनवू लागली होती. मग बाकीच्यांना कागद मिळायचा तो उशिरा, कमी आणि महाग. हे उघड बोलायची कुणाची छाती नव्हती. पहिली साक्ष दिली ती सुनेत्रा गुप्तेनं. ती बोलली म्हणून बाकीचे बोलले.

अहवाल वर गेला आणि वरच बसला. आधी म्हणे अभ्यास चालू आहे. मग निवडणुकीची आचारसंहिता लागली. मग सचिव बदलले आणि नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. त्यांनी अहवालाचा अभ्यास करायला समिती नेमली. समितीला बसायला खोली मिळेना. गुरुदत्त मुंबईला खेटे घालून थकला. “आता होईल,” असं तो दर वेळी सुनेत्राला फोनवर सांगायचा. सुरुवातीला ती भडकायची. “अहो साहेब, माझं गोडाऊन रिकामं पडलंय! कुणाला काही पडलीय की नाही?” पुढे पुढे ती नुसतं “बरं” म्हणायची. मग त्यालाच फोन करायची लाज वाटू लागली.

आज सकाळपासून तो साक्षीदार गोळा करत हिंडत होता. बदलापूरच्या हरिचंद्र म्हात्र्यांनी मशिन कधीच भंगारात घातलं होतं. “आता कशाला आलात?” एवढंच बोलून त्यांनी दार लावून घेतलं. उल्हासनगरच्या वाधवानीशेठनी गाळा विकून मोबाइल कव्हरांचं दुकान टाकलं होतं. “साईं, वो धंदा ही गया. गवाही किस चीज की दूँ?” असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले.

म्हणूनच सुनेत्राचा कारखाना चालू दिसला तेव्हा गुरुदत्तचा जीव भांड्यात पडला. बायका टेबलांवर खोकी दुमडत होत्या. कागदाची रिळं पार छपरापर्यंत रचली होती.

सुनेत्रानं त्याला केबिनमध्ये बसवलं. चहा मागवला. त्यानं सुनावणीची बातमी पुन्हा सांगितली.

“कागद मिळायला लागला वाटतं?” त्यानं विचारलं.

“भरपूर.”

“बघा! शेवटी चौकशीचा धाक बसलाच त्यांना.”

तिनं चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

“ताई, आता सगळं तुमच्यावर आहे. सोमवारी तुम्ही उभ्या राहिलात की काम झालं. येणार ना?”

“येणार. मला यावंच लागेल.” तिनं काचेतून बाहेर बायकांकडे पाहिलं. “दिवाळीनंतर मी कारखाना त्या कंपनीला विकला, साहेब. काय करणार होते? कागद नव्हता, आणि ह्या बायकांना घरी बसवायला मन होत नव्हतं. आता मी इथे मॅनेजर आहे. सोमवारी कंपनीतर्फे मीच बोलणार आहे.”

गुरुदत्तनं कप खाली ठेवला. “काय बोलणार?”

“हेच, की आमच्या भागात कागदाबद्दल एकाही छोट्या कारखानदाराची तक्रार नाही.” आणि मग पहिल्यासारखाच तिचा आवाज चढला. “आणि ते खोटं नाहीये, साहेब! आता छोटा कारखानदार उरलाय कोण?”