बघणारा काय शिकला?

परदेशी जाणाऱ्या फिल्मवर सरकारी कचेरीतल्या साहेबांनी ‘शैक्षणिक’ असा शिक्का मारला, की तिकडे तिचा आयात कर माफ व्हायचा. म्हणून लोक सहलीच्या फिल्मसुद्धा धडा म्हणून त्यांच्या गळ्यात मारायला बघायचे. साहेब मात्र खमके. “बघणारा यातून नवीन काय शिकला, तेवढं सांगा,” म्हणायचे, आणि भल्याभल्यांना फिल्म परत न्यायला लावायचे.

आजची फिल्म नर्सेससाठी होती. घरी मार खाल्लेली बाई ‘पाय घसरून पडले’ म्हणाली, तरी खरं कसं ओळखायचं, ते त्यात दाखवलं होतं. पडद्यावरच्या नर्सने एका बाईचा गाल हळूच उजेडाकडे वळवला. “हा वळ अंगठीचा आहे,” ती म्हणाली. “पडल्यावर असा उमटत नाही.”

साहेबांनी तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला.

“बघवत नाही हो, साहेब,” त्यांच्या हाताखालच्या बाई म्हणाल्या. “पण यात नवीन ते काय? नर्सेसना हे ठाऊकच असतं. परत पाठवायची का?”

“अहो, मला कुठे ठाऊक होतं?” साहेब म्हणाले, आणि त्यांनी शिक्का मारला.

संध्याकाळी घरी चहा गार निघाला. बायको सवयीने गालावर हात धरून भिंतीला टेकली.



साहेबांनी आज पहिल्यांदाच आधी बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली.