पुठ्ठ्यावरचा थेंब

"पावडर आण," बॉनेटमध्ये डोकं घातलेला महमूद म्हणाला.

"कसली?"

"तोंडाला लावायची. वहिनींची असेल ना?"

कमळाकर घुटमळला. चंद्रावतीकडं या गाडीसाठी काही मागायचं म्हणजे सवतीच्या लग्नात पहिलीचे दागिने मागण्यातला प्रकार. पण ती दारातच उभी होती. आत गेली, डबा आणला आणि पायरीवर आदळला.

"घ्या, नटवा तिला. माजं काय, मी हाय तशीच बरी हाय!"

रॉकेलनं धुऊन पुसलेल्या इंजिनावर महमूदनं पावडर भुरभुरवली. अर्धं आयुष्य कुवेतच्या गॅरेजात काढून तो पनवेलला परतला होता. ऑइल कुठून गळतं ते माणसाला दिसत नाही, पावडरीला दिसतं, ही त्याची विद्या.

उद्या सकाळी ठाण्याहून गिऱ्हाईक येणार होतं. जुन्या गाड्या सजवून तो लग्नांना भाड्यानं देई. ही पोपटी गाडी त्याच्या मनात भरली होती. अट एकच: रात्रभर खाली पुठ्ठा ठेवायचा. थेंब दिसला की सौदा मोडला. हॉलच्या गालिच्यावर डाग पडलेला त्याला परवडणार नव्हता.

पोर्च एकच, आणि मुलानं, प्रणितनं, नवी गाडी सांगून ठेवलेली. शिवाय चंद्रावती फरशीवरचे काळे डाग घासून घासून कावलेली. "ही जाईल तवाच माज्या अंगनाचं तोंड उजळंल," हे तिचं रोजचं पालुपद. शेवटी कमळाकरनं शब्द दिला. विकतो.

"अरे वेड्या," महमूद हळूच म्हणाला, "विकायचं तुझ्या जिवावर आलंय, मग दुरुस्त कशाला करतोस? गळू दे की. गिऱ्हाईक आपसूक पळेल."

"शब्द दिलाय तिला. जल्मभर तिचं येवडंच आयकलं नाय मी."

गावातली ती पहिली गाडी. आली त्या दिवशी एका म्हातारीनं ओवाळून तिच्यापुढं पेंढा टाकला होता म्हणतात. आणि गाडीनं तो खाल्ला, असं शपथेवर सांगणारेही आहेत. पुढं मिठागराच्या बांधावरून गावची एकेक नवरी हिच्यातच बसून सासरी गेली. पुढं गाडी, मागं धुरळा, आणि धुरळ्यात कुठंतरी बँड. चंद्रावतीही उरणहून हिच्यातच आली. वाटेत गाडी बसली. वऱ्हाडाला ढकलवेना, तेव्हा मुंडावळ्या कानामागं सारून नवरी खाली उतरली. "घरात पाऊल टाकायच्या आदीच कामाला जुंपली मला," हे ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी.

इंजिन सुरू झालं. थोड्या वेळानं पांढऱ्या पावडरीवर वरच्या झाकणापासून एक ओली काळी रेघ उतरली.

"गावला चोर," महमूद म्हणाला. "झाकणाची पॅकिंग गेलीय."

"मंग होईल बंद?" चंद्रावतीनं विचारलं.

"अल्ला कसम वहिनी, महमूदचा हात लागल्यावर गळायची हिंमत आहे का तिची?"

"बरं," म्हणून ती आत गेली. भांडी वाजली. पुन्हा बाहेर आली. "पन नक्की बंद होईल ना?"

कमळाकरच्या मनाला लागलं ते. माणसाला एवढीही घाई असू नये.

जुनी पॅकिंग पापडासारखी मोडून हातात आली. कड खरवडून महमूदनं बुचाची नवी पॅकिंग बसवली. कमळाकर बोल्ट आवळू लागला.

"एकदम नको रे! थोडा हा, थोडा समोरचा. भावकीत भांडण मिटवतात तसं."

पुन्हा पावडर, पुन्हा इंजिन. पावडर पांढरीशुभ्र राहिली. महमूदनं टाळी मागितली. कमळाकरनं दिली, पण तिचा आवाज काही आला नाही. त्यानं नवा कोरा पुठ्ठा गाडीखाली सरकवला, बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि घरात गेला. जेवायला चंद्रावतीनं वडे तळले होते.

सकाळी महमूद आला, पाठोपाठ ठाण्याचा माणूस. त्यानं वाकून पुठ्ठा ओढला. मधोमध रुपयाएवढा काळा थेंब.

"सॉरी काका," तो उभ्या-उभ्याच म्हणाला. चहालाही थांबला नाही.

महमूदचा चेहरा उतरला. तो तसाच इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासह गाडीखाली शिरला, मग बॉनेट उघडून झाकणाच्या कडेनं बोट फिरवलं.

"कमळ्या, सुकं आहे रे! वर सुकं, खाली सुकं."

"मंग ह्यो काय आभालातना पडला?"

"गेला ना तो?" चंद्रावती दारातून कडाडली. "बसा आता हिला उराशी धरून! तुमच्या दोघांच्या हातून एक काम धड होईल तर शप्पत!" आणि गुडघेदुखी विसरून ती झपाझपा आत गेली.

कमळाकरनं थेंबात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. मेथी आणि बडीशेपेचा वास. वडे तळून तळून काळं पडलेलं तेल होतं ते.